वाऱ्यावरचा वास आणि शिकारी कुत्रा

मंडळी, शिकारी कुत्रा म्हटले की आपल्याकडे लांब पायांचा, सडपातळ कारवानी डोळ्यांसमोर येतो; पण तो ससा नजरेने टिपतो आणि वेगाने गाठतो. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते पॉइंटर आणि सेटर स्कॉटलंडमधल्या हेदरच्या झुडपांनी झाकलेल्या माळांवर न दिसणारा पक्षी नाकाने शोधतात. हा पक्षी रेड ग्राऊस. त्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होऊन १० डिसेंबरला संपतो.

कुत्र्याच्या नाकाचे कौतुक आपण पुष्कळ ऐकतो, परंतु या कामातले निम्मे श्रेय मी तरी वाऱ्याच्या जाणकारीला देईन. ब्लडहाउंड जमिनीला नाक लावून माग काढतो, तर पॉइंटर मान उंच ठेवून हवेतला वास घेतो. हेदरमध्ये दबून बसलेल्या पक्ष्याच्या अंगाचा वास वाऱ्याबरोबर वाहत जातो, आणि जसजसा दूर जाईल तसतसा तो पसरून विरळ होतो, मध्येच तुटतो. म्हणून अनुभवी कुत्रा वाऱ्याला आडवा, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे धावत पुढे सरकतो. वारा पाठीमागून असेल तर तो आधी लांब पुढे जाऊन उलटा शोधत येतो. वास लागताच तो वाऱ्याकडे तोंड फिरवतो, चाल मंदावते, आणि शेपटी ताठ करून, बहुधा एक पुढचा पाय अधांतरी ठेवून, तो जागच्या जागी थिजतो; यालाच पॉइंट करणे म्हणतात. जोडीचा दुसरा कुत्रा स्वतःला वास आलेला नसतानाही, केवळ पहिल्याला पाहून थांबतो. मला हे पॉइंट करण्याहूनही नवलाचे वाटते.

नाकपुडीची घडणही पाहण्यासारखी आहे. तिच्या बाजूला एक चीर असते. हुंगताना बाहेर पडणारा श्वास त्या चिरेतून बाजूला आणि मागे जातो, त्यामुळे समोरून येणारा वास विस्कटत नाही. आत घेतलेल्या हवेचा थोडाच भाग नाकाच्या मागच्या टोकाला, गंध टिपणाऱ्या त्वचेकडे वळतो. मात्र उन्हाने तापलेला कुत्रा तोंडाने धापा टाकू लागला की हुंगणे मागे पडते. तेव्हा ओलसर सकाळ आणि एकसारखी झुळूक लाभली तर उत्तम. वारा पडला की वास पक्ष्याभोवतीच रेंगाळतो आणि कुत्रा जवळजवळ त्याच्या अंगावर जाऊन पोहोचतो.

पक्षीही अगदीच निरुपाय नसतात. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतले मेण पक्षी पिसांना चोळतात. ग्राऊसचे नव्हे, पण रेड नॉटसारख्या जमिनीवर घरटे करणाऱ्या किनारपक्ष्यांचे हे मेण अंडी उबवण्याच्या काळात बदलते, बाष्प होऊन हवेत कमी उडणारे होते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकवलेल्या कुत्र्याला ते ओळखणे अधिक कठीण गेले.

या कुत्र्यांचे काम बंदुकीपुरतेच नसते. ब्रिटनमध्ये हंगामापूर्वी, जुलैत, पॉइंटर सोबत घेऊन माळावरच्या ग्राऊसांची मोजणी करतात; पिल्ले फार कमी भरली, तर त्या माळावरची त्या वर्षीची शिकार रद्द होते.