बसून घेतलेलं माप

[पडद्यावर: शिंप्याचं दुकान. आरशासमोर ताठ उभं गिऱ्हाईक, कमरेभोवती टेप.]

शिंप्याकडे माप द्यायला गेलं की पहिली सूचना ठरलेली असते : सरळ उभे राहा. छाती, कंबर, सीट, उंची ही सगळी मापं उभ्याची. तयार कपड्यांचे आकडेही उभ्या शरीरावरूनच ठरतात. घरून काम करणाऱ्याचा दिवस मात्र खुर्चीत जातो, आठ तास, कधी नऊ. उभं राहून घेतलेल्या मापाचा कपडा बसलेल्या अंगावर दिवसभर वागवायचा, इथेच बहुतेक त्रासांचं मूळ आहे.

टेप घ्या. उभं राहून कंबर मोजा आणि आकडा लिहून ठेवा. मग रोजच्या खुर्चीत रोज बसता तसं बसा आणि पुन्हा मोजा. बहुतेकांचं माप वाढलेलं दिसेल. एखाद-दोन इंच सहज, पोट सुटलेलं असेल तर त्याहून जास्त. सीटचंही असंच मोजा. घरी कामाला घालायच्या प्रत्येक कपड्यासाठी हे दुसरे आकडे वापरायचे.

[पडद्यावर: खुर्चीत बसलेली व्यक्ती, बाजूने. पाठीमागे खाली सरकलेली पँट.]

आधी कमरेखालचं बघू, कारण तिथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. २५ मार्च २०२०ला देशभर टाळेबंदी झाली आणि घराघरांतून एक जोडी रूढ झाली : वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा. कॅमेऱ्याला छातीपर्यंतच दिसतं, म्हणून खालचा कपडा काहीही चालतो असं मानलं गेलं. पण दिवसभर ज्या कपड्यावर बसायचं तो खालचाच असतो. पोट आवळणारी नाडी, गुडघ्यामागे गोळा होणारं जाड कापड, पाठीमागून घसरणारी पँट, यांमुळे माणूस दर दहा मिनिटांनी खुर्चीत जागा बदलतो. दारावर कुरिअरवाला आला की संकोच होतो, तो वेगळाच.

पँट किंवा पायजमा बसल्यावर मागून का घसरतो? बसताना सीटवरचं कापड ताणलं जातं आणि मागची कड खाली ओढली जाते. पुढचं कापड उलट दुमडून पोटात रुततं. उपाय बेतण्यात आहे. मागचा भाग पुढच्यापेक्षा तीन ते चार सेंटिमीटर उंच ठेवायचा. साध्या पायजम्यात अनेकदा पुढचं आणि मागचं कापड एकाच मापाने कापलेलं असतं. शिंप्याला हे मुद्दाम सांगावं लागतं. मांडी घालून जमिनीवर, बैठ्या डेस्कवर काम करत असाल, तर दोन पायांचं कापड जिथे जोडलं जातं तिथे चौकोनी तुकडा बसवून घ्या. त्याने मांडीला मोकळीक मिळते आणि तिथली शिवण उसवत नाही.

आता कंबरपट्टा. बारीक नाडी एकाच रेषेत रुतते, त्यापेक्षा सव्वा इंच रुंदीचं इलॅस्टिक भार पसरवतं. इलॅस्टिक बसलेल्या कमरेपेक्षा दोन ते तीन इंच कमी घ्यावं, म्हणजे कंबर ३६ भरली तर ३३ किंवा ३४. ते कापडावर थेट शिवून घेऊ नका. सुईच्या टाक्यांनी त्यातलं रबर तुटतं आणि वर्षभरात पट्टा लोळतो. नेफा करून आत ओवलं, तर सैल पडल्यावर नुसतं इलॅस्टिक बदलता येतं. नेफ्यात ते पिळून गोल होत असेल, तर दोन्ही बाजूंच्या शिवणींवर एकेक उभी टीप मारायची, पिळ पडायचा थांबतो. इलॅस्टिक लवकर मरतं ते उकळत्या पाण्याने आणि कडक इस्त्रीने. पायजम्याला इस्त्री करताना नेफा सोडून द्या.

[पडद्यावर: कीबोर्डवर हात. कुर्त्याच्या पाठीवर पडलेल्या ताणाच्या आडव्या सुरकुत्या.]

वरच्या कपड्यात पाहायची जागा म्हणजे मुंढा, बाही जोडतात तो बगलेभोवतीचा भाग. टाइप करताना दोन्ही हात पुढे जातात आणि पाठ रुंदावते. कपडा घातल्यावर उजवा हात डाव्या खांद्यावर आणि डावा उजव्या खांद्यावर ठेवून बघा. पाठीवर आडव्या रेषा उठल्या, तर पाठीचं माप कमी आहे. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. हात मोकळा हवा म्हणून लोक मुंढा खाली, ढिला ठेवायला सांगतात. मुंढा जितका खाली, तितकी हात उचलल्यावर कुर्त्याची पूर्ण बाजू वर ओढली जाते. बगलेच्या जवळचा मुंढा आणि थोडी रुंद बाही, यात हात जास्त सहज हलतो. जुन्या पद्धतीच्या कुर्त्याला बगलेत चौकोनी तुकडा असतो, तो याच कामाचा.

कुर्त्याचा बाजूचा कट कुठे सुरू होतो, हेही बसूनच ठरवायचं. सीट सगळ्यात रुंद असते त्याच्या जरा वर कट सुरू झाला पाहिजे. खाली सुरू झाला, तर बसताना सगळा ताण कटाच्या कोपऱ्यावर येतो आणि कापड तिथूनच फाटायला लागतं. बाही कोपराखाली तीन बोटं येऊन थांबावी. पूर्ण बाहीच्या कफाचं बटण लॅपटॉपच्या कडेला दिवसभर घासत राहतं. पुरुषांनी शर्ट बाहेर सोडूनच घालायचा असेल, तर खालची कड सरळ कापलेला घ्यावा. गोलाईची लांब कड खोचण्यासाठी असते, बाहेर सोडली की ती लोंबते आणि माणूस अर्धवट तयार झाल्यासारखा दिसतो.

[पडद्यावर: कापडाच्या दुकानातले ठाण. सुताचे, लिननचे, रेयॉनचे.]

कापडाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पंख्याखाली पॉलिएस्टरचा शर्ट पाठीला चिकटतो तो यामुळे, घाम कापडात शिरतच नाही. पण सूत म्हटलं की सगळीकडे एकच उत्तर असं नाही. विदर्भातल्या मे महिन्यात कोरड्या उन्हाने सुती कपडा पटकन वाळतो, तिथे मलमल उत्तम. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये घट्ट विणीचं जाड सूत ओलं झालं की ओलंच राहतं, तिथे विरळ विणीचं सूत किंवा लिनन बरं. रेयॉन गार लागतं, अंगावर सुंदर पडतं. मात्र ओलं असताना त्याची ताकद बरीच कमी होते, म्हणून पिळायचं नाही, आडवं पसरून वाळवायचं. टी-शर्ट घेणार असाल, तर कापडाचं वजन विचारा. १६० ते १८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) होजिअरी कपडा वर्षभर चालतो. १४०च्या खाली तो आरपार दिसतो आणि दोन महिन्यांत गळा लोळतो.

सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढलंच पाहिजे. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग शिंप्याकडे द्या. पहिल्या धुण्यात सूत तीन ते पाच टक्के सहज आटतं. अडीच मीटर कापड चार टक्के आटलं म्हणजे दहा सेंटिमीटर गेलं. बसल्या मापाने शिवलेला कपडा एका धुण्यात उभ्याच्या मापाचा होऊन बसतो. शिवाय प्रत्येक शिवणीत एक इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. वजन वर-खाली होतं, माया असली तर कपडा उसवून वाढवता येतो.

[पडद्यावर: दोरीवर वाळणारे छापील गाउन.]

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत स्त्रियांचा खरा कामाचा कपडा गाउन आहे. सकाळी सहापासून रात्रीपर्यंत, आणि बेल वाजली की वरून ओढणी. त्याला नाक मुरडणं सोपं आहे, पण गाउन इतका टिकला तो उगाच नाही. कमरेला काहीच आवळत नाही, खालून हवा खेळती राहते, वाकताना-बसताना काही सावरावं लागत नाही. बसून काम करण्यासाठी याहून चांगला बेत सापडणं कठीण. उणं आहे ते दिसण्यात : छातीवरच्या चुण्या, गळ्याभोवतीची लेस, मोठी छापील फुलं. मग बेत तोच ठेवा आणि एवढंच बदला. चुण्यांऐवजी खांद्यापासून हळूहळू रुंदावत जाणारा सरळ घेर, पुढे बटणपट्टी, उभी कॉलर, दोन्ही बाजूंच्या शिवणींत खिसे आणि लांबी घोट्याऐवजी पोटरीच्या मध्यापर्यंत. लांब घेर चाकाच्या खुर्चीत अडकतो, म्हणून लांबी महत्त्वाची. कापड एकरंगी हातमागाचं. हा कपडा घालून मीटिंगला बसता येतं, दार उघडता येतं, खाली भाजीवाल्याकडेही जाता येतं.

[पडद्यावर: लॅपटॉपचा पडदा. बारीक रेघांच्या शर्टावर थरथरणाऱ्या लाटा.]

आता कॅमेरा. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकटीचा शर्ट पडद्यावर थरथरताना दिसतो. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंची जाळी असते. कापडाच्या रेघा त्या जाळीइतक्या बारीक झाल्या की दोन्ही एकमेकांवर पडून तिसरीच नक्षी उमटते, हललात की तीही हलते. खुर्ची थोडी पुढे-मागे केली तर ती कधी जाते, पण खात्रीचा उपाय म्हणजे नक्षी अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी असू द्या. याच कारणाने खणाचं बारीक नक्षीचं जाकीट आरशात देखणं दिसतं आणि मीटिंगमध्ये डोळ्यांना त्रास देतं. इरकलीचे रुंद काठ मात्र नीट दिसतात.

लॅपटॉपचा कॅमेरा उजेड आपोआप ठरवतो. चौकटीत पांढराशुभ्र कुर्ता भरला की तो एकूण उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. काळ्याने उलटं होतं, चेहरा पांढुरका पडतो. मधल्या गडदपणाचे रंग बहुतेक सगळ्यांना साथ देतात, आणि त्यांची नावं मराठीत सुंदर आहेत : चिंतामणी, मोरपंखी, अंजिरी, आमसुली, डाळिंबी. मागच्या भिंतीच्या रंगाचा कपडा टाळा. कृत्रिम पार्श्वभूमी लावली असेल, तर खांदाच गायब होतो आणि ओढणीचे गोंडे तुटक दिसतात. भडक राणी रंगाची गुलाबी झाक हनुवटीखाली पडते, खिडकीजवळ बसलात तर जास्तच.

आवाजाचंही भान हवं. बऱ्याच लॅपटॉपचा माइक कीबोर्डच्या जवळपास असतो, त्यामुळे काचेच्या बांगड्या टेबलावर टेकल्या की समोरच्याला तो आवाज तुमच्या बोलण्याहून मोठा ऐकू जातो. बांगड्या काढायच्या नसतील तर माइकवाले हेडफोन वापरा. पण वायरवरचा छोटा माइक मंगळसूत्राच्या मण्यांवर किंवा कडक खळीच्या कापडावर घासतो, तेव्हा ती वायर कॉलरला चिमट्याने बाजूला लावून घ्यायची.

कपडे बदलल्याने काम सुधारतं का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. २०१२मध्ये हाजो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या संशोधकांनी, डॉक्टरचा कोट म्हणून दिलेला पांढरा कोट घातल्यावर लक्ष वाढतं, असे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक प्रयोग २०१९मध्ये पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. म्हणून चांगले कपडे घाला म्हणजे हुशारीने काम होईल, असं आम्ही सांगणार नाही. झोपायचे कपडे सकाळी बदलावेत याला साधं कारण पुरे आहे. ते रात्रभर घामात मुरलेले असतात आणि झोपण्याच्या मापाचे असतात.

[पडद्यावर: उजेडासमोर धरलेली जुनी सुती साडी. मऊ झालेले काठ.]

नवं कापड घेण्याआधी कपाटातल्या जुन्या सुती साड्या काढा. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताचा मऊपणा दुकानात विकत मिळत नाही, आणि ते आटायचं तेवढं कधीच आटून झालेलं असतं. साडी उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच कळते : बसण्याचा भाग, निऱ्या खोचण्याची जागा, टाचेखाली येणारी कड. शंका असेल तिथे दोन अंगठ्यांनी कापड हलकेच ताणा. धागे सरकले, तर तो भाग सोडून द्या.

साडेपाच मीटरची, ४५ इंच पन्ह्याची (रुंदीची) साडी धरू. कुर्त्याचे भाग साडीवर आडवे बेतायचे, म्हणजे साडीचा पन्हा ही कुर्त्याची लांबी होते आणि काठ आपोआप खालच्या घेराला येतो. त्यासाठी वरचा काठ निवडा, खालचा फॉलपाशी झिजलेला असतो. ३८ छातीच्या व्यक्तीला पुढचा भाग २६ इंच, मागचा २६ इंच आणि दोन बाह्यांसाठी १६ इंचांची एक पट्टी. त्या पट्टीत दोन्ही बाह्या एकाखाली एक निघतात आणि दोन्ही टोकांचे काठ दोन मनगटांकडे येतात. झाले ६८ इंच, पावणेदोन मीटरच्या आत. दोन कुर्ते साडेतीन मीटरमध्ये निघतात आणि विरलेली जागा वगळायला दोन मीटरची सवड उरते. मशीनला ११ नंबरची सुई लावायला सांगा, जाड सुईने जुनं सूत टोकरलं जातं. शिवण दुहेरी, आणि छातीपर्यंत मलमलचं अस्तर.

[पडद्यावर: शिंप्याच्या दुकानातलं स्टूल. नवा कुर्ता घालून बसलेलं गिऱ्हाईक, हात पुढे, जणू टाइप करतंय.]

ट्रायलला जाल तेव्हा आरशासमोर उभं राहून परत फिरू नका. दुकानातल्या स्टुलावर बसा. हात पुढे करा, वाका, खाली पडलेली पेन उचला. पाठ ताणते का, कटाचा कोपरा ओढतो का, पायजमा मागे किती उतरतो, हे शिंप्याला तिथेच दाखवा. तो खडूने खूण करेल. आणि साडीच्या उरलेल्या तुकड्यातून उजव्या बाजूला एक खिसा लावून मागा, सात इंच खोल, बसल्यावर मोबाइल बाहेर घसरणार नाही एवढा.