दहावीचा निकाल बघून हायस्कूल ठरवताय? आधी नववी बघा!

नमस्कार मंडळी! जून जवळ आला की तुमचे मेसेज सुरू. "पोराला आठवीला कुठल्या हायस्कुलात घालू? ह्यांचा निकाल शंभर टक्के, त्यांचा सत्त्याण्णव." आज एकदाच बोलून टाकतो.

इमारत, प्रयोगशाळा, मुलींचं स्वच्छतागृह, गणिताचे शिक्षक भरलेत की जागा रिकामी आहे, हे तुम्हाला कळतं. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी वेबसाइटवर, शाळेचं नाव टाका, बरंचसं तिथेच दिसेल. पुढे.

आता निकाल. मालवणहून एकांनी लिहिलंय, "शंभर टक्के आसा, आणि काय व्हया?" अहो दादा, कोकण मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे. २०२४ ला आपला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. राज्यात पहिले आपणच, अभिमान आहेच. पण जिथे जवळजवळ सगळेच पास, तिथे पासावरून शाळा कशी निवडणार? त्यात वाडीवरच्या हायस्कुलात दहावीला मुलं चौदा. परीक्षेत एकाला ताप आला, तो राहिला, की निकाल ९२.८६. शाळा बिघडली का?

बरं, २०१९ आठवतंय? भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण त्या वर्षी बंद होते, अभ्यासक्रमही नवा. राज्याचा निकाल ८९.४१ वरून थेट ७७.१० वर. कोकण ९६ वरून ८८.३८. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि कोकण ९८.७७! शिक्षक एका वर्षात विसरले आणि पुढच्या वर्षी त्यांना आठवलं, असं तर झालं नसेल ना?

आणि तिसरं, ज्याच्यावर कोणी बोलत नाही. दहावीला बसले किती ते फलकावर असतं, दोन वर्षांपूर्वी आठवीला होते किती ते नसतं. कच्च्या पोराला नववीतच थांबवायचं, किंवा "सतरा नंबरचा फॉर्म भर" म्हणून बाहेरून बसवायचं. शाळेचा निकाल चकाचक! माझ्या ओळखीतल्या एका मुलाच्या आईला हेच ऐकवलं, तेही गोड शब्दांत. तर आठवीचा पट आणि दहावीचा पट दोन्ही विचारा. आकडा सांगताना कोण अडखळतंय ते बघा. शंभर टक्क्यांचा बॅनर नंतर.

मग शिकवणं कसं जोखायचं? नववीच्या पोराची गणिताची वही उघडा. एका वहीत चुकलेल्या उदाहरणावरही लाल टिक, खाली सही, तारीख. झालं, तपासली! दुसऱ्या वहीत "चिन्ह बघ, परत कर" असं लिहिलंय आणि खाली पोराने ते परत सोडवलंय. तिथे शिक्षक आहे. चूक सापडल्यावर पुढे काय झालं, एवढंच शोधायचं. सुवाच्य अक्षर, कव्हर, हे सगळं सोडा.

मुख्याध्यापकांबद्दल मात्र लोक मला "फार कडक आहेत" एवढंच सांगतात. कडक म्हणजे काय, गेटवर छडी? खासगी अनुदानित शाळेत हे पद साधारण सेवाज्येष्ठतेने मिळतं, कित्येक ठिकाणी तर प्रभारीच असतात, आणि माहिती भरता भरता दिवस संपतो. हे मान्य. तरी शिक्षकांच्या तासाला मागच्या बाकावर बसून पाठ निरीक्षण करणं आणि लॉगबुकात नोंद करणं हे त्यांचंच काम. लॉगबुक तुम्हाला दाखवणार नाहीत, मागूही नका. पोराला विचारा, "हेडसर वर्गात येऊन बसतात का? कधी?" पोरं खोटं बोलत नाहीत. "इन्स्पेक्शन होतं तेव्हा" असं उत्तर आलं तर समजा. शाळासिद्धी या शाळांच्या सरकारी मूल्यमापनात नेतृत्वाचा भाग आहे, पण तिथे सुरुवातीला शाळाच स्वतःला जोखते, त्यामुळे मी पोराचं ऐकेन.

एका शिक्षकांची कमेंट आहे, "पालक असे चौकशीला आले तर आम्ही शिकवायचं कधी?" सर, बरोबर आहे तुमचं. म्हणून पटाचं पालक सभेत विचारा, तासाच्या वेळी नको. वहीसाठी तर शाळेत जायलाही नको. शेजारच्या नववीतल्या पोराकडे मागा. पण गणिताचीच हां, इतिहासाची आणलीत तर सगळं फळ्यावरचं उतरवलेलं असेल.