टाचेवरचं कोकमतेल

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, "तेल लावलं की त्वचेला ओलावा मिळतो ना?" तिथूनच सुरुवात करू. तेलात पाणी नसतंच, मग ते ओलावा देणार कुठून? आपल्या त्वचेतलं पाणी सतत हवेत उडत असतं. तेलाचा थर ते उडणं कमी करतो. म्हणून कोरड्या ठाक पायावर तेल थापून फारसं हाती लागत नाही. अंघोळ झाल्यावर टॉवेलने नुसतं टिपायचं आणि अंग दमट असतानाच तेल लावायचं. दिवाळीत आपण उलटं करतो, आधी तेल आणि मग उटणं. अभ्यंगाचा आनंद वेगळा, पण उटण्याने बरंचसं तेल निघून जातं.

आता ही गोळी. रांगेतून पुढे द्या. चोळू नका, नुसती मुठीत धरा. हे कोकमाचं तेल. कुणी मुठेल म्हणतं, गोव्यात भिरंडेल. रातांब्याच्या बिया वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तरंगणारं तेल काढून घेतलं की ते निवताना घट्ट होतं, मग हाताने वळून असे गोळे करायचे. मुठीत वितळत नाही ना? ते साधारण 38 ते 42 अंशांना वितळतं आणि तळहात त्याहून थंड असतो. यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, त्याचा हा घट्टपणा. खोबरेल 24 अंशांच्या आसपासच पातळ होतं, टाचेला लावलं की चादरीला लागतं. मुठेल भेगेत बसून राहतं.

टाचाच का फुटतात? तळपायाला तैलग्रंथीच नसतात. पाठीला, चेहऱ्याला घरचं तेल मिळतं, टाचेला ते बाहेरून द्यावं लागतं. आमची आजी रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून बसायची, मग गोळी दिव्यावर धरून पातळ झालेलं तेल भेगेत सोडायची. आधी पाणी, वर तेल. क्रम अगदी बरोबर!

मात्र "नैसर्गिक आहे, म्हणजे चांगलंच" हे मला पटत नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल फार. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात त्याने त्वचेचा संरक्षक थर कमजोर झालेला दिसला, सूर्यफुलाच्या तेलाने तो टिकला. सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल असतं आणि त्या थरातली सिरॅमाइडं, म्हणजे पाणी अडवणारे स्निग्ध पदार्थ, बनवायला त्वचेला ते लागतं. आपल्या करडईत तर ते भरपूर! पण महागड्या बाटलीवर करडईचं नाव मी अजून पाहिलेलं नाही.

खोबरेलाची बाजूही सांगतो. फिलिपिन्समध्ये 2004 साली कोरड्या त्वचेच्या 34 जणांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. फक्त मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल नको.

मधुमेह असेल आणि भेगेतून रक्त येत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, पाय डॉक्टरांना दाखवा.

गोळी कुठवर पोचली? परत पाठवा हं, एकच आणली आहे.