आईकडून आलेल्या अँटिबॉडी

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाची लागण होऊन गेली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांपासून मात्र थोडेच महिने. पुढे त्यांच्यापैकी एखाद्यानं गाठलं, तर दुसऱ्या खेपेचा डेंग्यू गंभीर होण्याचा धोका जास्त.

मग आयुष्यात पहिल्यांदाच डेंग्यू झालेलं तान्हं बाळ इतकं का खालावतं?

१९६०च्या दशकात बँकॉकमध्ये डॉ. स्कॉट हॅलस्टेड यांना हेच कोडं पडलं. गंभीर रुग्णांत दोन गट ठळक होते. दुसऱ्यांदा लागण झालेली मुलं, आणि वर्षाच्या आतली बाळं. या बाळांच्या आयांना डेंग्यू आधीच होऊन गेलेला होता.

आईच्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं, गर्भातच वारेतून बाळाच्या रक्तात येतात. पहिले काही महिने त्या विषाणूला पुरून उरतात. पण त्या आईच्या. बाळाचं शरीर नव्यानं बनवत नाही. महिन्यागणिक त्या घटतात. सहा-आठ महिन्यांच्या सुमाराला उरतात त्या विषाणूला चिकटण्यापुरत्या, त्याला निष्प्रभ करण्यापुरत्या नाहीत. चिकटलेल्या अँटिबॉडीचं दुसरं टोक पांढऱ्या पेशीला धरतं, आणि विषाणू त्याच वाटेनं आत शिरून वाढतो. संरक्षणासाठी आलेल्या अँटिबॉडीच त्याला दार उघडून देतात. पचायला जड आहे हे.

याची मोठी किंमत फिलिपिन्सनं मोजली. २०१६मध्ये तिथे शाळकरी मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस देणं सुरू झालं; आठ लाखांहून अधिक मुलांना ती मिळाली. नोव्हेंबर २०१७मध्ये लस बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं, की आधी डेंग्यू न झालेल्यांना लसीनंतर लागण झाली, तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. त्यांच्यासाठी लसच जणू पहिली लागण ठरत होती. मोहीम थांबली. पालकांचा इतर लसींवरचा विश्वासही डळमळला, आणि ते नुकसान मला अधिक मोठं वाटतं.

बाळाला डेंग्यू झाला, तर सगळ्यात फसवी वेळ ताप उतरतानाची. घरचे सुस्कारा सोडतात, आणि नेमकं त्याच एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागू शकतो. बाळ मलूल पडलं, सारखं ओकतंय, पोट दुखून रडतंय, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, कुठून रक्त आलं, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका; त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेल्या मात्रेतच.