सुरईवरचा माणूस

नमस्कार मंडळी. आज मातीच्या भांड्यांबद्दल बोलू, पण आपल्याकडच्या नाही, पेरूच्या. तिथं उत्तर किनाऱ्यावर साधारण इसवी सन 100 ते 800 या काळात मोचे लोक राहत. कुंभाराचं चाक नव्हतं त्यांच्याकडे. साच्यातून सुरया काढायच्या, सायीच्या रंगाचा लेप द्यायचा, वर गेरव्या रेघांनी चित्रं. दोनच रंग, बरं का, दोनच! आणि या सुरया मेलेल्या माणसाबरोबर पुरायच्या.

या सुरयांवरच्या चित्रांत एक प्रसंग पुन्हापुन्हा दिसतो. कैद्यांचे गळे चिरलेत आणि भारी मुकुट घातलेल्या एका माणसापुढे रक्ताचा पेला धरलाय. अभ्यासकांना वाटे, देवादिकांची कथा असणार.

आता ऐका. फेब्रुवारी 1987. पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा ब्राँकायटिसनं अंथरुणाला खिळलेले. रात्री पोलिसांचा फोन: थडगी फोडणाऱ्यांकडून माल पकडलाय, आत्ता या. गेले बिचारे तसेच. बघतात तर सोनं! सिपान गावच्या विटामातीच्या टेकाडातलं. मग पोलिस पहाऱ्यात खोदकाम सुरू झालं. आधी एका कोठडीत भांडी लागली, एक हजार एकशे सदतीस. पुन्हा सांगतो, 1,137! मग पाय तोडलेला एक पहारेकरी, म्हणजे त्याचा सांगाडा. आणि त्याच्या खाली लाकडी शवपेटी.

पेटीतल्या माणसाच्या गळ्यात शेंगांची माळ, भुईमुगाच्या. दहा सोन्याच्या, दहा चांदीच्या. भुईमूग मूळचा त्या खंडातलाच. बटाटाही तिकडचा, साबुदाण्याचा कंदही तिकडचा. हे सगळं आपल्याला उपासाला चालतं आणि घरचा कांदा चालत नाही! हे शास्त्र कुणी लिहिलं, देव जाणे. असो.

तर त्या माणसाचा अर्धचंद्राकार मुकुट, कानातली मोठी चकत्यांची भूषणं, कमरेमागचं सोन्याचं पान... सगळं सुरईवरच्या त्या पेला घेणाऱ्या माणसाचं! म्हणजे देव नव्हे, हाडामांसाचा माणूस. ज्याला कथा समजत होते, तो विधी खरोखर होत असे. लोक सिपानचं सोनं बघायला जातात. मी म्हणेन, आधी सुरया बघा. सोन्याला बोलतं केलं ते त्यांनीच.

आणि 1991 मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या सान होसे दे मोरो इथं एका बाईचं थडगं उघडलं. सुरईवरच्या त्या प्रसंगात एक पुजारणही असते; तिच्या मुकुटाला असतात तसेच तुरे या बाईजवळ होते, आणि पेलासुद्धा.