अक्काचा अंगठा

[पडद्यावर फक्त दोन हात, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू]

या व्हिडिओत तुम्हाला अक्काचा चेहरा दिसणार नाही. शूट करू का विचारलं तेव्हा ती म्हणाली तोंड नको घेऊ, हात घे, तुझं शिक्षण हाताचंच आहे ना. खरं तर माझं शिक्षण हाताचंच नाही, अख्ख्या शरीराचं आहे, पण तिच्यासाठी मी म्हणजे हाताची डॉक्टरीण, आणि ते का ते पुढे कळेल.

आता नीट बघा. पान भिजवून मऊ केलेलं, फर्मा ठेवून कात्रीने मापात कापलेलं. त्यात तंबाखू पसरायची, मग दोन्ही अंगठे पुढे येतात आणि पान वळायला लागतं, एका बाजूला निमुळतं, टोक आत दाबलं, सूत गुंडाळलं, गाठ. झाली एक बिडी. मी मोबाईलवर वेळ लावून बघितला, वीस सेकंदसुद्धा लागले नाहीत आणि या वेळात ती माझ्याशी बोलत पण होती. मजुरी हजार बिड्यांवर मिळते. जी बिडी सैल वळली, पान फाटलं, ती कारखान्यात छाट म्हणून बाजूला पडते, तिचे पैसे नाहीत. अक्का चोवीस वर्षं हे करतेय.

मी चिपळूणची. नीटची परीक्षा दिली, सीईटी सेलच्या राऊंडला बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीला, नाव लागलं ते डायरेक्ट सोलापूरला. घरात कुणीच सोलापूर बघितलेलं नव्हतं, बाबांना फक्त चादर माहीत, आजीला सिद्धेश्वर. दिवाळीनंतर पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलो, मी, आई आणि दोन बॅगा, आणि रात्री स्टेशनवर उतरलो तेव्हा हवा इतकी कोरडी होती की नाकात टोचायला लागली. गाडीला हुतात्मा नाव का ते समोरच्या सीटवरच्या आजोबांनी सांगितलं होतं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, त्याच्या आधी १९३० मध्ये या गावात इंग्रजांना मार्शल लॉ लावावा लागला होता. आजोबा चारही नावं घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेत होते. आई मला हळूच म्हणाली, चांगली माणसं आहेत गं इथली.

पहिली रूम फसली. फोटोत वेगळी, बघायला गेलं तर वेगळी, डिपॉझिट गेलं ते गेलंच, त्यावर जास्त बोलत नाही. दहा दिवसांनी वर्गातल्या एका मुलीच्या ओळखीने ही खोली मिळाली, पूर्व भागात, अक्काच्या घराला लागून. पूर्व भाग म्हणजे विणकरांचा, तेलुगू बोलणाऱ्या लोकांचा भाग, पुरुष लूमवर आणि बऱ्याच घरांत बायका बिडीवर. हा मागे जो आवाज येतोय खटाखट खटाखट, तो एडिटिंगमध्ये टाकलेला नाही, तो माझ्या भिंतीपलीकडचा पावरलूम आहे. पहिले काही दिवस मी उशी कानावर दाबून अभ्यास करायचे. आता लाईट गेली की लूम थांबतो आणि त्या शांततेनेच मला जाग येते.

पाण्याचं सांगायलाच हवं. चिपळूणला आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं होतं, मी नुकतीच दहावीतून सुटले होते, आम्ही सगळे माळ्यावर बसून खाली फ्रीज तरंगताना बघत होतो. पाणी म्हणजे नको तितकं, हे डोक्यात बसलेलं. आणि इथे पाणी येतं चौथ्या-पाचव्या दिवशी, वेळ पक्की नाही, कधी रात्री दोनला पण. पहिल्यांदा आलं तेव्हा मी झोपले होते आणि पुढचे चार दिवस माझ्याकडे एक बादली. तेव्हापासून नळाला पाणी आलं की अक्का माझं दार वाजवते, एकदासुद्धा विसरली नाही. दार वाजवून एकच शब्द, नीळ्ळु. तेलुगूत पाणी. मी शिकलेला पहिला तेलुगू शब्द तोच. दुसरा तिन्नावा, म्हणजे जेवलीस का, तो तर रोजच ऐकू येतो.

भाषेचं इथे फार भारी आहे. रिक्षावाला माझ्याशी मराठीत बोलतो, शेजारच्या रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये, फोनवर हिंदीत, आणि कुणाला काही विशेष वाटत नाही. सुरुवातीला मला बे खटकायचं. काय बे, चल की बे, आमच्याकडे असं कुणी म्हटलं तर भांडणच, आणि इथे वर्गातली पोरं पहिल्या दिवसापासून बे. मी दोन दिवस गप्प होते, मग लक्षात आलं की हे ज्याच्याशी पटतं त्यालाच म्हणतात, आणि जिला अजून अहो-जाहो करतायत ती परकी. मी अक्काला अक्का तुम्ही म्हणायचे तर तीच एकदा म्हणाली, अक्का म्हणतीस आणि वर तुम्ही कशाला, अक्काला तू म्हणायचं असतं.

जेवणात मला मासे लागतात, ते इथे घरच्यासारखे नाहीत, ही एक गोष्ट अजूनही जमलेली नाही. पण शेंगा चटणी! भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, उखळात कुटत राहायचं इतकं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा व्हायला लागतो. त्याच्यासोबत कडक भाकरी, ज्वारीची, पापडासारखी मोडणारी, जी कितीतरी दिवस टिकते, म्हणून परीक्षेच्या वेळी माझ्या कपाटात असतेच. चटणी, दही, कडक भाकरी चुरून, पाच मिनिटांत जेवण.

[कॉलेजचा जिना, हातात हाडांचा डबा]

कॉलेजमध्ये फर्स्ट इयरला पेशंट नसतो. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, मग कायनेसिऑलॉजी, म्हणजे हालचालीचं शास्त्र, आणि इलेक्ट्रोथेरपीची तोंडओळख, असं सगळं पायाभरणीचं. नातेवाईक फोनवर विचारतात फिजिओ म्हणजे मालिश ना, तर नाही हो, मालिश त्यातला छोटा भाग आहे, मुख्य काम हालचालीचं, माणसाचा सांधा, स्नायू, नस, तोल हे सगळं मिळून हालचाल कशी होते आणि ती बिघडली तर परत कशी आणायची. पहिल्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मलीनने डोळ्यातून पाणी आलं. देहदान केलेल्या त्या माणसाच्या हाताकडे मी खूप वेळ बघत राहिले, या हाताने आयुष्यभर काय काम केलं असेल असं सारखं वाटत होतं, आणि ते विचारायची सोय नव्हती.

हाताचा चॅप्टर सुरू झाला जानेवारीत. एका हातात २७ हाडं, त्यातली मनगटात ८. अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा आहे तो घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून अंगठा समोर येऊन प्रत्येक बोटाला टेकतो. तुम्ही पण करून बघा, अंगठा ताणून वर करा, मनगटाजवळ एक खळगा दिसेल. त्याला ॲनाटॉमिकल स्नफबॉक्स म्हणतात, कारण पूर्वी लोक तपकीर ओढताना ती या खळग्यात ठेवायचे. मी ओसरीवर बसून हे मोठ्याने पाठ करत होते, अमुक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बाहेरून, तमुक आतून, तळाशी स्कॅफॉईड आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं ट्रॅपेझियम ही हाडं, आणि समोर अक्का तंबाखू भरत होती. तिने विचारलं काय म्हणतीस. मी माझ्या हातावर दाखवलं. तिने बिडी खाली ठेवली आणि आपला अंगठा पुढे केला, म्हणाली इथंच दुखतंय मला, दोन वर्षं झाली.

तिला कुणाला तरी दाखवलंस का विचारलं तर म्हणाली बाम लावते. सकाळी अंगठा आखडलेला असतो, कात्री धरवत नाही, पहिल्या पन्नास बिड्या होईपर्यंत दुखतं आणि मग हात गरम झाला की चालतं. मला इतकं वाटलं की आपण लगेच काहीतरी करावं, यूट्यूबवर बघून टेप लावावा. पण मी फर्स्ट इयरला आहे. मला नाव माहीत होतं, उपचार माहीत नव्हता, आणि अर्धवट माहितीने दुसऱ्याच्या हाताशी खेळायचं नाही हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितलेलं आहे. मी तिला म्हटलं अक्का, मी नाही, पण माझे सर बघतील, तू चल. तीन आठवडे ती चल उद्या चल उद्या करत राहिली, कारण एक सकाळ ओपीडीत घालवली की तेवढ्या बिड्या कमी.

शेवटी आली. सरांनी अंगठा मुठीच्या आत घ्यायला लावला आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवली, अक्का एकदम कळवळली. ही आइकहॉफ टेस्ट, हिलाच बरेच जण फिंकेलस्टाईन टेस्ट म्हणतात. अंगठ्याकडे जाणारे दोन टेंडन मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात, सारखं तेच काम केलं की ते आवरण जाड होतं आणि टेंडन आत घासायला लागतात, त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. लहान बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना पण होतं.

उपचारातली पहिली ओळ असते, आराम. सर बोलता बोलता थांबले. त्यांनी विचारलं दिवसाला किती करता, अक्का म्हणाली हजार होतात, कधी आठशे. मग त्यांनी आराम हा शब्दच वापरला नाही. रात्री आणि रिकाम्या वेळी अंगठ्याला स्प्लिंट, म्हणजे अंगठा हलू न देणारी आधारपट्टी, ठरावीक व्यायाम, आणि कामाची वाटणी बदलायची, म्हणजे सगळी पानं आधी कापून मग सलग वळत बसण्यापेक्षा तासभर कापायची, तासभर वळायची. पाठ भिंतीला. सुपाखाली चादरीची घडी, म्हणजे सूप वर येतं, मान कमी वाकते आणि मनगट सरळ राहतं. वीस मिनिटं ते फक्त तिचं काम समजून घेत होते, पान कुठल्या हातात, गाठ कुठल्या बोटाने. मी कोपऱ्यात वही घेऊन उभी होते आणि त्या वीस मिनिटांत मला कळलं की मला हेच व्हायचंय. सोलापुरात नाव लागलं म्हणून मी पहिल्या रात्री रडले होते, ते रडणं मला त्या कोपऱ्यात आठवलं.

[गड्ड्याची गर्दी, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं]

हे संक्रांतीचं शूट आहे, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंचच उंच काठ्या, आणि चारी बाजूंनी घोष, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र. मी गर्दीत उभी राहून पेलणाऱ्या माणसाच्या पायांकडे बघत होते. पाय फाकवलेले, गुडघे किंचित वाकलेले, ध्वज झुकला की अख्खं शरीर त्याच्याखाली सरकतंय. बेस ऑफ सपोर्ट, म्हणजे पायांखालची आधाराची जागा, आणि लाईन ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे शरीराचा भार सरळ खाली जातो ती रेघ, हे आम्ही त्याच आठवड्यात शिकत होतो, बोर्डवर रेघा मारून, आणि इथे ते कुणी न शिकवता पिढ्यान् पिढ्या चाललेलं.

डॉक्टर कोटणीसांचं घर पण बघून आले, त्याचं स्मारक केलंय. १९१० साली सोलापुरात जन्मलेला माणूस १९३८ ला चीनला गेला, तिथली भाषा बोलायला आणि लिहायला शिकला, तिथेच १९४२ ला गेला, ३२ वर्षांचा. तिथून आल्यावर मी अक्काला म्हटलं मला रोज पाच शब्द शिकव. ती म्हणाली, मग तू पण मला शिकव.

[ओसरी, संध्याकाळ, परत तेच हात, सुपाखाली चादरीची घडी]

हे एप्रिलमधलं आहे. ऊन एवढं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, म्हणून आम्ही संध्याकाळीच बसतो. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. सकाळचं आखडणं कमी झालंय, कात्री धरता येते, पण लग्नसराईत पैशाची गरज होती तेव्हा स्प्लिंट आठवडाभर काढून ठेवली आणि परत सूज आली, मग परत पहिल्यापासून. मी रागावले नाही, कारण तिचा हिशोब मला माहीत आहे.

उद्या माझी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा आहे. मनगटाची हाडं म्हणून दाखवतेय, आणि अक्का एकेका हाडाला एक बिडी बाजूला ठेवतेय. स्कॅफॉईड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. दुसरी ओळ मी नेहमी चुकते. ट्रॅपेझॉईड, कॅपिटेट, हॅमेट. मी थांबले. अक्काने बिड्या मोजल्या, अंगठा वर केला आणि म्हणाली, सातच झाले की गं, माझं राहिलं.