सारसाचं घर तुमच्या बांधीत

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

गोंदिया-भंडाऱ्याकडे रोवण्या आता उरकत आल्या असतील. बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाण्यानं भरल्या की याच दिवसांत सारसाची जोडी अंडी घालायला जागा शोधते. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळपास गोंदिया-भंडाऱ्यापुरताच उरला आहे. अलीकडच्या गणनांमध्ये त्याची संख्या तीस-पस्तीसच्या आसपास भरते. तो दाट जंगलात राहत नाही. तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि तुमचं धान हेच त्याचं घर. म्हणून आज वनखात्याशी नाही, तुमच्याशी बोलायचं आहे.

जोडी पाण्यात गवत, देवधान, धानाची रोपं उपटून ढीग रचते आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीनं महिनाभर ती उबवतात. पिल्लं एक-दोन दिवसांत आईबापामागे चालू लागतात, त्यामुळे घरट्यासाठी खरा जोखमीचा काळ तो महिनाच.

“पण आमचं धान तुडवतो त्याचं काय?” हा प्रश्न रास्त आहे. हिशेब करून पाहू. घरट्याचा ढीग सात-आठ फुटांचा. भोवतालची उपटलेली रोपं धरून सोळा फूट रुंदीचं वर्तुळ गेलं असं मानू. ते साधारण २०० चौरस फूट होतं, आणि एकरात असतात ४३,५६० चौरस फूट. एकरी १८ क्विंटल धान पिकत असेल तर नुकसान आठ-नऊ किलोंचं. लहान शेतकऱ्याला तेही आपल्या खिशातून सोसायला लावू नये. घरटं राखणाऱ्याला मोबदला मिळायला हवा आणि तो त्याच हंगामात हातात पडायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आठ-नऊ किलो धानासाठी अंडी उचलून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवली, तर त्या जोडीचं ते अख्खं वर्ष वाया जाऊ शकतं.

त्या महिन्यात सगळ्यात जास्त जपायचं ते बांधीतलं पाणी. बांध फोडून पाणी एकदम काढलं की ढीग उघडा पडतो आणि कुत्री चालत अंड्यांपर्यंत पोहोचतात. वरच्या बांधीतलं पाणी एकदम खाली सोडलं तर अंडी बुडतात. तेव्हा पाणी काढायचं किंवा सोडायचं असेल तर हळूहळू. निंदणाला येणाऱ्या बायांना घरट्याची बाजू सोडायला सांगा. गावातली कुत्री तिकडे फिरकू देऊ नका. आणि मोबाईल घेऊन फोटोसाठी येणाऱ्यांना घरट्याची जागा दाखवू नका, मग ते कितीही मोठ्या ओळखीचे असोत.

आता औषधांबद्दल. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव परिसरात १९८० च्या दशकाच्या शेवटी आल्ड्रिन हे कीटकनाशक लावलेलं बियाणं खाऊन सारस मेले होते. आल्ड्रिन आज बंद आहे. आपल्याकडे धानात पूर्वी सर्रास टाकलं जाणारं फोरेट, म्हणजे आपलं दाणेदार थायमेट, त्यावरही २०२० च्या अखेरपासून बंदी आहे. कुणाच्या कोठ्यात जुनी पिशवी पडली असेल तर ती वापरू नका. सारस बेडूक, गोगलगायी, किडे खातो, म्हणजे तुमच्या बांधीतलं विष त्याच्या पोटात जातं. घरट्याच्या बांधीत आणि तिला लागून फवारणी टाळा. तिथे काठ्यांचे पक्षीथांबे लावा. कोतवाल पक्षी त्यांवर बसून किडे टिपतो, तुमचा खर्चही वाचतो.

तलावांकडे मात्र एकट्या शेतकऱ्यानं पाहून भागणार नाही. कित्येक माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव गाळानं आणि बेशरमीच्या झुडपांनी भरले आहेत. ते साफ झाले तर सिंचनही वाढेल आणि सारसाला धानात शिरायची गरजही कमी पडेल. हा विषय ग्रामसभेत तुम्हीच मांडला पाहिजे. शेतावरून गेलेल्या विजेच्या ताराही सारसाचा जीव घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. तुमच्या बांधीवर लोंबणारी तार असेल तर वीज कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

घरटं दिसलं, जखमी सारस आढळला, किंवा कुणी अंडी नेताना दिसलं, तर गावच्या वनरक्षकाला सांगा. तो भेटला नाही तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. फोनवर गाव, शेताचा गट क्रमांक आणि बांधीत किती पाणी आहे तेवढं सांगा.

नमस्कार.